खालून पाहणारे गफूरचाचा

"हात लावू नका त्याले. उभा आहे तसा राहू द्या. मले खालून पाहू द्या."

"माह्या आंगणात येऊन मलेच दम देता काय, गफूरभाऊ? निघा तिथून. निघा म्हणते ना."

ही आरडाओरड कानावर आली तेव्हा माझी अर्धी दाढी उतरली होती. उरलेल्या गालावरच्या साबणासकट मी कुंपण ओलांडलं आणि शेजारी, शांताआत्याच्या अंगणात उतरलो. पाहतो तर दोन स्टुलांवर जुन्या जीपची समोरची काच आडवी ठेवलेली, काचेवर आत्याचा पोपट तुरा ताठ करून उभा, आणि काचेखालून माणसाचे दोन पाय बाहेर आलेले. पाय गफूरचाचांचे. बाकीचे चाचा काचेखाली, चाकं लावलेल्या फळीवर उताणे, हातात टॉर्च.

"मास्तर," खालून निकाल आला, "तुमच्या आत्याचा पोपट गोटा झाला."

राळेगावच्या स्टँडजवळ गफूरचाचांचं पस्तीस वर्षं टायरचं दुकान होतं. नक्षी झिजून टायर गुळगुळीत झाला की ते त्याला गोटा म्हणत, आणि ज्याला गोटा म्हणत तो टायर पुढच्या वळणावर फुटत असे. केवळ त्यांचा मान राखायला. एकदा वर्ध्याहून निघालेल्या ट्रकचा मागचा डावा टायर बसणार हे त्यांनी राळेगावात चहा पिता पिता ओळखलं आणि कप रिकामा व्हायच्या आत जॅक काढून ठेवला. हे मला खुद्द चाचांनी सांगितलं, त्यामुळे साक्षीदार शोधत बसलो नाही. आवाज तर असा, की स्टँडवर ते कोणाला "थांब" म्हणाले तर फलाटावरच्या सगळ्या बस इंजिन बंद करत.

चार वर्षांपूर्वी हमीदाचाची शुगरनं गेल्या. चाचांनी दुकान पुतण्याला दिलं आणि घरात बसले. गावाला वाटलं, आता राळेगावात शांतता नांदेल. तेवढ्यात यवतमाळच्या एका जनावरांच्या डॉक्टरांची गाडी चाचांच्या दारासमोरच पंक्चर झाली. मागच्या सीटवर पिंजरा, पिंजऱ्यात पट्टी बांधलेला पोपट. डॉक्टरांनी सहज म्हणून त्याचा तळवा दाखवला. पंक्चर पाच मिनिटांचं होतं. चाचांनी डॉक्टरांना अडीच तास सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी चाचा काच आणि फळी घेऊन गावात निघाले.

"पाखरू धराचं नाही, घाबरते," ते सांगत. "काचेवर उभं कराचं अन् आपण खाली जाचं. अच्छ्या पोपटाच्या तळव्याले बारीक खवल्याइची नक्षी असते, नव्या टायरवानी. ते चकचक कराले लागलं, लाल दिसलं, की समजा गोटा. मंग सूज. मंग काळी खपली. खपली आली म्हणजे गाडी रिमवर चालून राह्यली. अन् दोन्ही पाय जोडीनं पाहाचे. एकच घासला असन तर अलाइनमेंट गेली."

तालुक्यात असा पाळलेला पोपट उरला नाही ज्याच्याखाली चाचा झोपले नाहीत. महागावात एका लग्नात मंडळींतून उठून ते नवरदेवाच्याच घराच्या मागच्या पडवीत गेले आणि ऐन अक्षतांच्या वेळी मांडवात येऊन गरजले, "नवरदेवाच्या घरचा पोपट लंगडते." मुलीच्या बापाचा चेहरा पडला. ज्यांना पाखराचा पाय सांभाळता येत नाही त्यांच्या घरी लेक द्यावी की नाही, यावर दोन्हीकडची मंडळी पाऊण तास बसली. लग्न लागलं, पण आधी पोपटाला पेरूची फांदी मिळाली.

आता शांताआत्या. माझ्या वडिलांची बहीण, निवृत्त अंगणवाडीसेविका. उभ्या गावाला तिनं लहानपणी तराजूच्या झोळीत घालून तोललेलं, त्यामुळे या गावातल्या कोणाचं काही ऐकायची तिला सवय नाही. हिरवा राघू पाळायला कायद्यानं बंदी, म्हणून पुण्याच्या लेकानं तिला परदेशी जातीचा राखाडी पोपट आणून दिला. गालावर नारिंगी टिकल्या, नाव राजा. बोलता येत नाही, पण कुकरची शिट्टी अशी हुबेहूब मारतो की आमच्या आळीत वर्षभर कोणाची डाळ शिजलेली नाही.

पिंजऱ्यातली प्लास्टिकची दांडी तुटली तेव्हा आत्यानं मायेनं आपलं सागवानी लाटणं बांधलं. दर शनिवारी ते तेलानं पुसायची, पोपटाच्या पायाला काही टोचू नये म्हणून. खायला करडई आणि शेंगदाणे, राजा मागेल तितके.

"हेच, हेच लाटणं," चाचा काचेखालून बाहेर येत म्हणाले. "एकाच जाडीचं, एकदम चिकनं. दिवसभर तळव्याच्या एकाच जागेवर वजन. अन् वरतून नुसतं तेलबी खाऊ घालता. वजन वाढन नाही तं काय? तुम्ही उभ्या राहून दाखवा लाटण्यावर, सकाळपासून सांजेपर्यंत."

आत्या हटणारी नाही. तिनं लाटणं सोडलं, फरशीवर ठेवलं आणि त्यावर मला उभं केलं. मी पाऊण मिनिट उभा राहिलो आणि वाळत घातलेल्या तुरीच्या डाळीत बसलो.

"तो पहिल्यापासून धांदरटच आहे," आत्या म्हणाली. "अन् राजा एका पायावर उभा राहते तो झोपते म्हणून."

"झोपीत एक पाय उचलला तं चालते. हा जागेपणी उचलते. डाव्यावर वजनच देत नाही. बाई, डाव्या तळव्याले बारीक खपली धरली. यवतमाळले न्या."

"बैलाचा डॉक्टर काय पाहीन पाखराले? पाय कापून टाकतीन. त्याचं जे व्हाचं ते माह्या दारात होईन."

मग युद्ध पेटलं. चाचा रोज सकाळी कडुनिंबाच्या, पेरूच्या, जाड-बारीक फांद्या आणि शेवग्याचा पाला कुंपणावरून टाकत. आत्या फांद्यांवर आंघोळीचं पाणी तापवी आणि पाल्याची भाजी करून खाई. चाचांनी रस्त्यावर पडून टॉर्च मारायला सुरुवात केली, तर तिनं पिंजऱ्याला लुगडं गुंडाळलं. पाचव्या दिवशी ती सुई तापवून खपली काढायला बसली. चाचा कुंपण तोडून आत आले. अक्षरशः तोडून, ते मी अजून बांधतो आहे.

"सुई लावू नका. आतमधी गेलं तं पायच जाईन. तो डॉक्टरचा हात पाह्यजे. मी इथून हालत नाही, पोलीस बोलवा."

पुतण्याकडून एक टायर मागवून ते त्यावर दारात ठाण मांडून बसले. आत्या आतून कडी लावून बसली. दुपारपर्यंत कोणी पाणी प्यायलं नाही. त्या दिवशी राजानं एकही शिट्टी मारली नाही. आळीत सगळ्यांची डाळ शिजली, आणि ती कोणाला गोड लागली नाही.

तीन वाजता कडी निघाली. आत्याच्या हातात पिंजरा होता आणि पायांत चपला उलट्यासुलट्या.

"पाय कापला तं तुमाले सोडणार नाही, गफूरभाऊ."

"नका सोडू. चाला."

बसमध्ये राजा आत्याच्या मांडीवर. खिडकीतून वारा लागताच त्याला सूर सापडला. कंडक्टरची शिट्टी समजून ड्रायव्हरनं यवतमाळ येईपर्यंत सात वेळा गाडी थांबवली आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी उतरलंही. डॉक्टरांनी तळवा पाहिला, औषध लावलं, इवलीशी पट्टी बांधली. पाय वाचेल म्हणाले; आणखी थोडे दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. मग त्यांनी फांद्या आणि पाल्याबद्दल सांगितलं ते शब्दन् शब्द चाचांचं होतं. पण आत्यानं ते असं ऐकलं, जणू जगात पहिल्यांदाच कोणी बोलतंय.

महिन्याभरानं खपली गळाली. लाटणं धुऊन पोळपाटाकडे परत गेलं. राजा आता कडुनिंबाच्या वाकड्या फांदीवर दोन्ही पायांनी उभा असतो. परवा चाचा काच घेऊन तपासणीला आले, तर आत्यानं न भांडता स्वतः स्टुलं मांडली. मला भीतीच वाटली.

चहा झाला. आत्यानं राजाला पिंजऱ्यात ठेवलं.

"तुमच्या घरी ना पोपट ना पिंजरा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पाखराच्या पायासाठी एवढे भांडले. काहून?"

चाचांनी कप खाली ठेवला, टॉर्च विझवला.

"हमीदाच्या तळव्याले जखम होती. ती सांगे नाही, अन् मी पाह्यलं नाही."