लिफ्टवाल्यांनी संगणक उघडला

"बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात मी. आत माणसं अडकून बोंबलत असायची, तरी हात थरथरला नाही. हा डबा काय चीज आहे?" असं म्हणून लिफ्टवाल्यांनी रविवारी सकाळी नऊला संगणकाचं झाकण उघडलं.

डबा तीनदा पीं करायचा आणि पडदा काळाच राहायचा. एरवी बायकोने दुर्लक्ष केलं असतं. पण मुलगा जहाजावर. बंदर लागलं की आईशी बोलायचा, तेही या संगणकावरूनच. बाप शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसायचा. चार वर्षांपूर्वी रागाच्या भरात तो "परत तोंड दाखवू नकोस" म्हणाला होता आणि मुलाने ते मनावर घेतलं होतं. या वेळी मात्र मुलाने आपणहून लिहिलं होतं, "रविवारी अकरा ते बारा. बाबांनाही बसव."

लिफ्टवाल्यांनी आधी संगणकाची पिन लागते त्या भिंतीवरच्या बोर्डातला फ्यूज काढून खिशात टाकला. ही धंद्याची सवय. कुणी चुकून बटण दाबलं तर काम करणारा जिवानिशी जातो, म्हणून फ्यूज नेहमी आपल्याजवळ. मग मेमरीची पट्टी काढून तिचे पाय खोडरबराने घासले, आतली धूळ फुंकली. ती सगळी त्यांच्याच अंगावर आली.

"अहो, या अवतारात बसणार पोरासमोर? तो शर्ट काढा आधी."

त्यांनी शर्ट काढून दिला, इस्त्रीचा घातला, केसही विंचरले. साडेदहाला बटण दाबलं. आता पींसुद्धा नाही.

"मघाशी निदान ओरडत तरी होता," बायको म्हणाली.

लिफ्टवाल्यांना घाम फुटला. त्यांनी वायरी काढल्या, लावल्या. पट्टी इकडची तिकडे केली. शेजारच्या शिंप्याकडून दुसरी केबल आणली.

"बोर्डात करंट आहे का बघा," शिंपी म्हणाला.

"ती लाइन मी स्वतः ओढलीय. तिला काय धाड भरलीय?"

शिंपी घरी गेला. अकरा वाजले. साडेअकरा झाले. टेबलावर स्क्रूंचा ढीग, पडदा काळा. बायको उठून कपडे धुवायला बसली. बारा वाजले तेव्हा लिफ्टवाले इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर नुसते बसून होते. "त्याला वाटणार, बापानेच टाळलं," ते हळूच म्हणाले.

सव्वाबाराला बायको ओल्या हाताने आली आणि तिने फ्यूज टेबलावर ठेवला. "शर्टाच्या खिशात होता."

त्यांनी तो पुसला, पुसला, पुन्हा पुसला आणि बसवला. स्क्रू लावून बटण दाबलं. पडदा लख्ख उजळला. बिघाड त्या खोडरबरानेच गेला होता, सकाळी साडेनऊला.

मुलाचा निरोप येऊन पडला होता, अकरा वाजून सात मिनिटांचा. "आई, संगणक बंद आहे का? बाबांनी उघडला असेल तर फ्यूज त्यांच्या खिशात बघ." त्याखाली बाराचा दुसरा. "निघालो. पुढचं बंदर तीन आठवड्यांनी."

लिफ्टवाल्यांनी पहिला निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मग एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, उत्तर लिहिलं: "होता."

"चार वर्षांनी लिहिताय, आणि एवढंच?" बायकोने विचारलं.

"पाठवू का नको, ते सांग," ते म्हणाले.

तिनेच बटण दाबलं.