सबनिसांचं काळीज

सबनीस ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी फ्रिजसमोर उभे राहून म्हणायचे, "आज मी खोटं बोललो नाही. कुणाला रडवलं नाही. कुणाचं पाणी अडवलं नाही." हे शेवटचं, रोज सकाळी अर्धा तास बाथरूम अडवून बसणारा माणूस म्हणायचा! ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बहरीनला अदलिया भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. त्या दमट उकाड्यात भांडायचंही त्राण नसायचं, म्हणून मी ऐकून घ्यायचो.

हे खूळ त्यांच्या ऑफिसातल्या फहमी नावाच्या इजिप्शियनाने डोक्यात भरवलेलं. माणूस मेला की आधी न केलेल्या पापांची अशी यादी म्हणतो, मग त्याचं काळीज एका पारड्यात ठेवतात, दुसऱ्यात मातचं पीस. मात ही तिकडची प्राचीन देवी. सत्य आणि न्याय, दोन्ही खाती तिच्याकडे. काळीज जड भरलं, तर मगरीच्या तोंडाचा एक प्राणी ते गिळून टाकतो. "की खलास!" सबनीस सांगायचे.

एकदा आजारी असल्याचं कळवून मी झल्लाकच्या समुद्रावर पोहायला गेलो. साहेबांचा फोन सबनिसांनी घेतला आणि मी कुठे, कुणाबरोबर, सगळं सांगून टाकलं.

"अहो, जरा सांभाळून घ्यायचं!"

"देसाई, काळीज माझं तोलणार आहेत, तुमचं नाही."

मी कपाळाला हात लावला.

दर शुक्रवारी त्यांचा पुण्याला आईशी ट्रंककॉल असायचा. आईला अलीकडे काही आठवत नसे. "हे अजून घरी आले नाहीत रे," ती म्हणायची. सबनीस खरं ते सांगायचे, "आई, बाबा जाऊन किती वर्षं झाली." तिला ते दर वेळी नव्याने कळायचं. ट्रंककॉलवर ती ओरडूनच बोलायची, त्यामुळे तिचं रडणं मला माझ्या खोलीतही ऐकू यायचं. त्या दिवशी ऑफिसला सुट्टी असली तरी सबनीस फ्रिजसमोर उभे राहायचे आणि दुसऱ्या वाक्याला अडायचे. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

एका शुक्रवारी आईने पुन्हा तेच विचारलं.

"बाबा माझ्याकडे आलेत, आई. बहरीनला. जेवून आत्ताच आडवे झालेत."

"असं होय!" पलीकडे आई चक्क हसली. "झोपू दे हो त्यांना."

फोन ठेवून ते तसेच खुर्चीत बसले. शर्ट घामाने भिजला होता. मी न विचारताच चहा टाकला.

"देसाई, तुम्हाला हे जमतं," ते हळूच म्हणाले. "ती पुढच्या शुक्रवारी परत विचारेल. तेव्हा बाबा काय करत असतील?"