छातीवरचा घोडा

राष्ट्रीय फुटबॉल संघ हा अकरा खेळाडू, एक चेंडू आणि एक चालू सरकार यांचा मिळून बनतो. पैकी चेंडू सोडला तर सगळं बदलत असतं.

हे सत्य संघाच्या शिंप्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. स्टेडियमच्या पायऱ्यांखालच्या खोलीत मास्तर एकेचाळीस वर्षं मशीन चालवत होते. तेवढ्या काळात पाच राजवटी, नऊ प्रशिक्षक आणि सहा विजय (त्यांतले दोन प्रतिस्पर्धी संघ विमान चुकल्यामुळे न आल्याने) त्यांच्या डोळ्यांदेखत होऊन गेले.

राजेसाहेबांच्या काळात जर्सीवर सिंह होता. राजेसाहेब वाढदिवसाला स्वतः खेळत आणि गोलकीपर अदबीने बाजूला होई. मग लष्कर आलं, गरुड आला. सेनापतींनी ऑफसाइडचा नियम रद्द केला, कारण पुढे गेलेल्या माणसाला मागे बोलावणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. समतेच्या सरकारने दातेरी चाक आणलं आणि सगळ्यांना दहा नंबर दिला. गोलकीपरलाही दिला, तो आनंदाने पुढे खेळायला गेला आणि आपण नऊ गोलांनी हरलो. आघाडी सरकारचं कबूतर आलं, तेव्हा पेनल्टी कोणत्या पक्षाने मारायची हे ठरेपर्यंत पंच घरी निघून गेले. हल्ली महानायक आहेत आणि घोडा आहे.

दर वेळी फर्मान यायचं की जुनं चिन्ह उसवून नष्ट करा. मास्तर उसवत नसत. नवं चिन्ह ते जुन्यावरच कच्च्या धाग्याने टाचत.

"एकदाचं उसवून टाका की हो," बायको म्हणायची. "कधीतरी अंगाशी येईल."

"अगं, मधे आठ महिने राजेसाहेब परत आले होते, तेव्हा एका दुपारीत बावीस सिंह कुठून आणले होते मी?"

जर्सीला मात्र वजन येत गेलं. खेळाडू हळू पळतात अशी टीका होई. सरकार त्याला संयमी खेळ म्हणत असे.

अखेर ते अंगाशी आलंच. मोठ्या सामन्यात समोरच्या बचावपटूने आपल्या कर्णधाराची जर्सी छातीशी धरून ओढली. घोडा त्याच्या हातात आला. पाठोपाठ कबूतर, चाक आणि गरुडही. महानायकांच्या आसनासमोर कर्णधार छातीवर सिंह घेऊन उभा राहिला. (साठ-सत्तर म्हातारे सवयीने उठून उभे राहिले.) पेनल्टी मिळाली, गोल झाला, तोही अकरा वर्षांनी पहिला! पण तो कोणत्या राजवटीत झाला हे स्पष्ट नसल्याने कोणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्याच खोलीत त्रिसदस्यीय चौकशी समिती बसली. अध्यक्ष होते फुटबॉल महासंघाचे सचिव, पाचही राजवटींत तेच सचिव. दोषीला दगडखाणीवर पाठवायचं हे आधीच ठरलं होतं, फक्त दोषी कोण ते लिहायचं बाकी होतं. बायकोने पहाटेच मास्तरांचे लोकरीचे मोजे बांधून ठेवले होते.

खोलीत उकडत होतं. सचिवांनी कोट काढला. मास्तरांनी तो अदबीने घेतला आणि जन्माच्या सवयीने, बाहेरच्या कापडाला धूळ लागू नये म्हणून, उलटा करून हँगरला लावला.

अस्तराला आतून कच्च्या धाग्याने सिंह, गरुड, चाक आणि कबूतर ओळीने टाचलेले होते. टाके मास्तरांचेच होते.

उरलेल्या दोन सदस्यांनी आपापल्या कोटांची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली. खोलीत अजून उकडतच होतं.

समितीचा निष्कर्ष सात मिनिटांत निघाला: घोडा वाऱ्याने उडाला. शिवाय समितीने शिफारस केली की यापुढे सर्व चिन्हं टिचबटणांनी लावावीत, म्हणजे राष्ट्राचा वेळ वाचेल.

मास्तर अजून त्याच खोलीत आहेत. मोजे त्यांनी टाकून दिलेले नाहीत, पण पाहुण्यांचे कोट हल्ली ते उलटे करत नाहीत. तेव्हा तुम्ही कधी गेलात तर कोट निर्धास्त काढून द्या. आत काय आहे, ते मास्तर बघणार नाहीत.

निम्म्या गावाची शिलाई त्यांच्याकडेच असते.