पार्किंगमधले साधक

"शांत बसा!"

आमच्या अपार्टमेंटात सकाळचा पहिला आवाज हाच असायचा. कुकरच्या शिट्ट्या, दुधवाल्याची मोटरसायकल, सगळं त्यानंतर. आणि ही डरकाळी फोडणारे वामनकाका त्या वेळी ध्यानाला बसलेले असायचे. तेही देवघरात नाही, गच्चीवर नाही. खाली पार्किंगमध्ये. आपल्या फ्लॅटचा नंबर लिहिलेल्या पिवळ्या चौकोनात सतरंजी टाकून, एका अंगाला कोणाची तरी स्कूटर, दुसऱ्या अंगाला पाण्याची मोटर, आणि मधे हे, डोळे मिटून, पाठ ताठ.

कोणी स्कूटरला किक मारली की ओरडायचे, "शांत बसा!" वॉचमन यादगिरीने मोटर चालू केली की ओरडायचे, "बंद कर रे, श्वास ऐकू येत नाही!" यादगिरी म्हणायचा, "सार, नीळ्ळु नक्को क्या? पानी नै आया तो वरचे लोक मेरेकू मारते." मग काका एक डोळा उघडून म्हणायचे, "तहान मनाची असते." मोटर मात्र चालूच राहायची, आणि ध्यानही.

मागच्या खांबावर त्यांनी पाटी लावली होती, 'येथे साधना चालू आहे, वाहने हळू चालवा', मराठी, तेलुगू आणि उर्दूत. मराठी ओळ वाचणारी आख्ख्या बिल्डिंगमध्ये मी एकटी. माझी मुलगीसुद्धा तेलुगूवरून अर्थ लावते.

तुम्ही हसाल. मीही बाहेरून ऐकलं असतं तर हसले असते. पण मला हसू यायचं नाही, कारण त्या पिवळ्या चौकोनात माझी गाडी उभी राहायला हवी होती.

ती गाडी साधी नाही. बी.कॉम. झालेली आमच्या घरातली पहिली मी, आणि चारचाकी घेणारीही पहिली मी. माझे आबा गौलीगुड्याच्या बाजारात हातगाडीवर कांदे विकायचे. ती हातगाडी लावायला हातभर जागा मिळावी म्हणून पहाटेपासून भांडायचे, पोलिसाशी, शेजारच्या लिंबूवाल्याशी, कधी नुसतेच हवेशी. जागा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. आणि इथे माझ्या फ्लॅटला पार्किंगच नाही, म्हणून माझी लाल गाडी बाहेर रस्त्यावर, गटाराच्या कडेला. कचऱ्याच्या ऑटोने दार खरवडलं. आरसा तर इतक्यांदा मोडला की मेकॅनिक मला लांबून ओळखायला लागला. आणि आत छपराखाली, फरशीवर, ज्यांनी आपली गाडी कधीच विकून टाकली होती ते वामनकाका श्वास बघत बसले होते.

भाडं देते म्हटलं. काका म्हणाले, "पोरी, वस्तूला जागा लागते. माणसाला फक्त क्षण लागतो."

"मग तुम्ही क्षणात बसा ना काका, चौकोनात कशाला बसता?"

यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. वाद हरायला लागले की यांची समाधी लागायची.

शिकवायचे तेव्हा मी 'पोरी', चिडले की 'मॅडम'. एकदा मी आरशाचे तुकडे गोळा करून आणले आणि त्यांच्या सतरंजीपुढे ठेवले. ते म्हणाले, "आता बघ. राग येतोय ना? तो कोणत्या नाकपुडीतून येतोय, त्याचं नुसतं निरीक्षण कर."

मी म्हटलं, "काका, तो तुमच्या चौकोनातून येतोय."

"हौलेपणा, येडेपणा करू नका मॅडम!" ते कडाडले. "मी किती शांतपणे सांगतोय!"

हे शांत राहणं मला फार झोंबायचं. त्यांच्या घराण्यात चार पिढ्यांची वकिली, निजामाच्या काळापासून खुर्चीवर बसलेली माणसं. ज्यांच्या आजा-पणज्यांना बसायला जागा होती त्यांना साक्षीभाव जमतो. आमच्या आबांनी साक्षीभाव धरला असता तर लिंबूवाल्याने हातगाडी उलटी केली असती.

बाकी त्यांचं सगळंच सावकाश. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल 'जाणीवपूर्वक' ठेवायचे, मागे ऑफिसला निघालेल्यांची रांग. चहात बिस्किट बुडवायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे. बिस्किट विरघळून चहात पडलं की म्हणायचे, "सुटलं." आणि मग यादगिरीच्या बायकोला हाक मारून चमचा मागायचे.

शेवटी मी असोसिएशनच्या मीटिंगमध्ये उभी राहिले. मराठी, तेलुगू, हिंदी, जी भाषा तोंडात येईल तीत बोलले. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने जागा भाड्याने द्यावी, हा ठराव मी पास करून घेतला. काका कोपऱ्यात बसले होते. मला वाटलं आता भांडतील. मी तयारीत होते, पदर खोचून. तर म्हणाले, "घ्या. जागाच काय, देहसुद्धा भाड्याचाच आहे."

जिंकलेल्या माणसाला असं हरवायचं! घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की मुलगी म्हणाली, "मम्मी, जिंकलीस ना? फिर कायकू गुस्सा?"

गाडी आत आली. दार रंगवलं, नवा आरसा बसवला. सकाळी कोणी ओरडेना. यादगिरी म्हणाला, "अच्छा हुआ अम्मा, शांती है." शांतीच होती. काका खाली दिसेनात.

मग एका रविवारी गाडी धुताना बघते, तर माझ्या मागच्या चाकामागे त्यांची सतरंजी गुंडाळून खांबाला टेकवलेली. डोकं फिरलं. म्हणजे देह भाड्याचा, आणि सतरंजीचा कब्जा कायम! उचलली आणि त्यांच्या दारात आपटायला वर गेले.

दार उघडंच होतं. काका हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. टीव्ही बंद, पंखा बंद.

"तुमची सतरंजी," मी म्हटलं. "माझ्या जागेत होती."

"ठेवा तिकडं."

"एवढा मोठा हॉल आहे काका. चिटपाखरू नाही. इथे बसा ना ध्यानाला, कोण अडवतंय?"

"वर नाही बसत मी."

"कायकू?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर लागतं."

"काय लागतं?"

"ध्यान." असं म्हणाले, जसं कोणी ठसका लागतो म्हणावं. "बसलो की लागतं. तुमची काकू होती तेव्हा एक दिवस धड लागलं नाही. मी डोळे मिटले की ती स्वयंपाकघरातून सुरू. गॅस संपत आला, वांगी आणू की दोडके, तुमच्या बहिणीचा फोन होता. मी ओरडायचो, शांत बस! ती म्हणायची, हौ हौ, बसले. आणि परत सुरू. उभा जन्म ओरडलो तिच्यावर. मग बसली एकदाची शांत."

मी या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा काकू नव्हत्या. मी त्यांना पाहिलेलंही नाही.

"आता श्वासाकडे लक्ष देतो," काका म्हणाले, "तर घरात तेवढाच आवाज असतो. भीती वाटते पोरी. खाली बरं होतं. खाली कोणी ना कोणी त्रास द्यायचं."

मला रागच आला. चार पिढ्यांच्या वकिलांना हे आधी तोंडाने सांगता येत नव्हतं? नाकपुड्या कशाला शिकवत बसले? सतरंजी सोफ्यावर ठेवली आणि खाली आले.

जागा परत द्यावी असं वाटलं का? नाही वाटलं. खोटं कशाला सांगू. ती जागा माझ्या गाडीची आहे, आणि माझ्या गाडीच्या मागे आबांची हातगाडी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढली आणि गेटपाशी, बरोबर त्यांच्या गॅलरीखाली उभी केली. वर बघितलं. गॅलरी रिकामी, दार लावलेलं. मी हॉर्नवर तळवा ठेवला आणि दाबून धरला. यादगिरी धावत आला. समोरच्या खिडक्या उघडल्या. कोणी तरी तेलुगूत माझ्या शिक्षणाचा उद्धार केला.

मग गॅलरीचं दार धाडकन उघडलं. बनियनवर काका, केस विस्कटलेले, हातात माळ.

"काय हौलेपणा लावलाय मॅडम!" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ते गरजले. "इथे माणूस ध्यानाला बसलाय! शांत बसा!"

मी काच खाली केली.

"हौ हौ, बसले," म्हटलं, आणि परत हॉर्न दाबला.