डोमाजीमामांच्या खिडक्या

परवापरवापर्यंत आमच्या शेजारच्या डोमाजीमामांच्या घराला सहा खिडक्या होत्या आणि काच एकीलाही नव्हती. काचेच्या जागी एक्स-रे लावले होते. रस्त्याच्या बाजूला एक मांडी, तिच्या शेजारी छातीचा पिंजरा, न्हाणीच्या झरोक्याला गुडघा. सकाळी ऊन आलं की भिंतींवर हाडांचा उजेड पडायचा. सावली नाही, उजेडच. एक्स-रेत हाडं तेवढी पांढरी असतात, बाकी सगळं काळं. एकदा मतदार यादीचं काम करणारे गुरुजी ओसरीपर्यंत आले, खिडक्यांकडे पाहून म्हणाले, "डॉक्टर आहेत का घरी?" आणि मामांना स्वतःची कंबर दाखवून गेले. यादी राहूनच गेली.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. इकडे पुनर्वसनात घरं बांधताना सगळ्यांनी आधी भिंती उभ्या केल्या, खिडक्यांना गज लावले आणि काचांचं 'मंग पाहू' म्हटलं. मामा तेव्हा एका दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत शिपाई होते. माणसाला फळीवर नीट निजवायचं, "श्वास धरा, आता सोडा" म्हणायचं, ओल्या फिल्म तारेवर वाळत घालायच्या. जे एक्स-रे कोणी न्यायलाच आलं नाही, त्यांचा ढीग एकदा फेकायला काढला. मामांनी डॉक्टरांना विचारून तो सायकलवर बांधून घरी आणला. नावाचे कोपरे कात्रीने कापून टाकले.

"नाव गेलं का कोणाचं का समजते? हाडाले कोठी जात रायते, बाई!"

रामराम म्हणा, जय भीम म्हणा, मामांचं उत्तर एकच: "दोनशे सहाही बरोबर?" मोठ्या माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात, ती सगळी जागच्या जागी आहेत ना, असा त्याचा अर्थ. बारशाला गेले की पाळण्यात वाकून ओरडतात, "आले, तीनशे आले!" लेकरू जन्मतं तेव्हा त्याची हाडं तीनशेच्या आसपास असतात, पुढे जुळून कमी होतात. माझा नातू झाला तेव्हा मुलगा की मुलगी हे त्यांनी विचारलंच नाही. तीनशे आले एवढ्यावरच खूश होऊन गेले.

मामा माणसाचं तोंड पाहत नाहीत, चाल पाहतात. एका वर्षी धानाची रोवणी करून माझं मनगट सुजलं होतं. हातपंपावर मी घागर उचलली तर दहा बायांसमोर मामांनी मनगट धरलं आणि दाबून पाहिलं.

"एका हातात मनगटासकट सत्तावीस रायतेत. तुहे सत्तावीसही जागेवर हायेत, मंदा. पण आतून विरळ झाले असतीन. पन्नाशी आली ना तुही?"

घागर तिथेच टाकून मी घरी पळाले. मामा घागर घेऊन मागोमाग दारात हजर.

"लाजाले का झालं? साऱ्या बायायचं होते. हाड म्हणजे गोटा नोहे. जित्तं रायते थे. आतून मधाच्या पोळ्यावानी जाळी, त्याच्यात रक्त तयार होते. गोटा फुटला त फुटला. हाड मोडलं त सोताच जुळाले पाहाते, आपून फक्त सरळ धरून ठेवाचं. ऊन घे, बारक्या मच्छ्या काट्यासकट खा, अन् डॉक्टरले दाखव."

आमचे हे धरणात मासे धरतात. त्या दिवसापासून मोठे मासे बाजारात आणि बारके घरी, असा नियम झाला. तसा तो आधीपासूनच होता, आता त्याला कारण मिळालं.

हल्ली एक्स-रे फोनवर येतो, याचा मामांना फार राग. "हाड फोनमंदी, फोन खिशात, अन् खिसा फाटला त?"

तर मागच्या उन्हाळ्यात मामांच्या नातीला, निशाला, पाहायला साकोलीहून पाहुणे येणार असं ठरलं. स्थळ चांगलं होतं आणि निशाच्या मनात होतं. मामांची सून वनिता, म्हणजे निशाची आई, आठ दिवस आधीच कामाला लागली. तिचा पहिला डोळा खिडक्यांवर.

"मामाजी, लोकं पोरगी पाहाले येऊन राहिले. दारातच फासळ्या पाहून परत जातीन."

"काहून? त्यायच्या अंगात नाहीत का फासळ्या?"

"हायेत. पण झाकल्या हायेत!"

माझ्या घरापर्यंत ऐकू येत होतं. शेवटी निशा म्हणाली, "आबा, माह्यासाठी." मग मामा विरघळले. शनिवारपर्यंत पाच खिडक्यांतले एक्स-रे उतरले, जुन्या लुगड्यात गुंडाळून पलंगाखाली गेले. सहावी खिडकी स्वयंपाकघराची. तिथे मामांनी वनिताचा हात धरला.

"थे राहू दे."

"कायले पण?"

मामा हाडावर बोलले नाहीत, ही आमच्या वसाहतीत बातमी होती.

दुपारी वनिता माझ्याकडे आली. "काकू, तुमीच जा. आमी बोललो का ते भांडतेत. तुमी काही बोलत नाही, मंग तेच सांगतीन." चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याचा असा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. मामा खिडकीसमोर पाटावर बसले होते. त्या घरात मी कितीदा गेले असेन, पण ती फिल्म कधी नीट पाहिली नव्हती. एक हात होता. बोटं, पंजा, मनगट. आणि मनगटावर एकावर एक पांढरी कडी. बांगड्या.

मग मामाच बोलले.

"भागरता तलावाच्या पायरीवर घसरली होती."

भागरतामामी म्हणजे मामांची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली.

"मनगट मोडलं. माह्याच खोलीत आणलो तिले. म्हटलं, बांगड्या काढ, फोटोत येतेत. त का म्हणते? 'तुमी जित्ते हा ना डोळ्यासमोर? मंग काहून काढू?' सारा दवाखाना हासला. काढला मंग तसाच. बांगड्यायच्या आड मोडलेलं दिसेचना. डॉक्टर म्हणले, हे फेका. मंग बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, अन् दुसरा काढला."

मामांनी हात लांबवून फिल्मचा कोपरा नीट दाबला.

"फेकाचा थो मी घरी आणलो. तवा मजाक म्हणून आणलो होतो, तिले चिडवाले. मंग गाव सोडताना पेटी पाण्यात भिजली. लग्नाचा फोटो त्याच्यातच. तोंड सारं पुसून गेलं. मंग हेच राहिलं." ते खिडकीकडे पाहत होते. "बांगड्या काढ म्हटलं त आयकली नाही. आता मी तिलेच काढू?"

मी उठले. बाहेर वनिता वाट पाहत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "थो हात तुह्या सासूचा हाय."

वनिता मटकन ओट्यावर बसली. "बाप्पा! म्हणजे आठ वर्षं झाली, मी सासूबाईच्या हाताखालीच सयपाक करून राहिली!" हसली, आणि हसता हसताच पदराने डोळे पुसले. मग आत जाऊन तिने त्या फिल्मवरचा फोडणीचा चिकटा ओल्या फडक्याने पुसून काढला.

रविवारी पाहुणे आले. हाडाचा शब्द काढायचा नाही, असं मामांकडून कबूल करून घेतलं होतं. मामा दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसले. मी दाराआड पोह्यांच्या ताटल्या भरत होते. मुलाचे वडील आत येताना जरा लंगडले. मामांची बोटं गुडघ्यावर वळवळली. चहा झाला. वडील उठताना कमरेखाली हात ठेवून "आई गं" म्हणाले, आणि मामांचा बांध फुटला.

"डावा खुबा. जिना चढताना जास्त दुखते ना?"

वनिताने कपाळावर हात मारला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" पाहुणे चकित.

"कोणी कायले सांगतीन? चाल सांगते."

पुढच्या क्षणी मामा पलंगाखाली. लुगड्यातून मांडी निघाली, दाराच्या उजेडात धरली गेली. "हा गोळा, ही वाटी. याच्यात थो फिरते. याचं गुळगुळीतपण झिजलं का घासाघिशी सुरू. डॉक्टरले दाखवा, अंगावर काढू नोका." नवरदेवाचा बाप मान वाकवून ती मांडी पाहत होता आणि निशा पोह्यांची ताटली घेऊन तशीच उभी. तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. नवरदेव सोडून.

तेवढ्यात मुलाची आई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थबकली.

"हे... हे कोणाचं आहे वो?"

मामा खाली पाहू लागले. वनिता पुढे झाली.

"माह्या सासूबाईचा हात हाय. नातीले पाहाले पाहुणे आले, त त्या नको का?"

ती बाई थोडा वेळ बांगड्यांकडे पाहत राहिली. मग तिने डोक्यावर पदर घेतला आणि खिडकीला हात जोडले. सोयरीक तिथेच झाली, असं मी समजते. पुरुषांनी बाहेर नंतर अर्धा तास बोलणी केली, ती त्यांच्या समाधानासाठी.

लग्नाआधी पाच खिडक्यांना काचा लागल्या. सहावीला वनिताने फिल्मच्या बाहेरून काच बसवून घेतली, पावसाने भिजायला नको म्हणून.

निशा सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. मामा पडवीत एकटेच बसले होते. मला पाहून सवयीने म्हणाले, "मंदा, दोनशे सहाही बरोबर?"

इतकी वर्षं मी नुसती मान हलवत आले. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडून निघालं, "हो. अन् मामा, तुमचे?"

मामांना हे कधी कोणी विचारलं नसावं. ते गोंधळले. मग वळून आत, स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भिंतीवर उजेडाचा हात पडला होता, बांगड्यांसकट.

"माहे?" मामा म्हणाले. "माहे दोनशे तेहतीस."

मी झाडू तसाच धरून, सत्तावीस मिळवून, बोटांवर हिशेब केला. बरोबर होता.