या वेळी नळच आहे

सूनबाईने काल जेवताना "झालं एकदाचं चालू" असं सांगितलं, ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. तिने बनवलेला रेझोनंट पॉवर सप्लाय, म्हणजे यंत्रांना वीज पुरवणारा बोर्ड, चालू झाला होता खरा, पण त्याच्या चिपला टेबलावरच्या दुसऱ्या सप्लायची वायर जोडून. म्हणजे पोर चाललं, पण बोट धरून. हा फरक सासूबाईंना कोण सांगणार? त्यांनी हात धुऊन आधी बहिणीला फोन लावला आणि मग विहीणबाईंना.

आज चार वाजता तिच्या ऑफिसचे साहेब घरी बोर्ड न्यायला येणार होते. तो आपला आपण चालू झाला नाही, तर काम दुसऱ्या टीमकडे जाईल, हे त्यांनी गोड आवाजात दोनदा सांगून ठेवलं होतं. आणि सकाळी ती वायर काढल्यापासून बोर्ड एवढंच करत होता: टिक. जरा थांबून पुन्हा टिक. चिप जागी व्हायची, क्षणभर हातपाय हलवायची आणि उपाशीपोटी पुन्हा झोपी जायची.

साडेअकराला सासूबाईंनी तिच्या खोलीच्या दारातून डोकं आत घातलं.

"अगं, कुठला तरी नळ ठिबकतोय. तुला ऐकू येतंय का?"

"नाही हो, आई," सूनबाई म्हणाली, आणि तिथेच फसली. आवाज बोर्डाचा आहे म्हणावं, तर काल चालू झालेलं आज बंद कसं, हेही सांगावं लागलं असतं. आणि संध्याकाळच्या आत ते तिच्या माहेरी पोचलं असतं.

सासूबाईंनी बोलावलेला प्लंबर आला. त्याने बाथरूमच्या नळाला पाना लावला आणि नेमका त्याच वेळी सूनबाईने चिप बदलायला बोर्ड बंद केला. आवाज थांबला. "हाताला गुण आहे हो तुमच्या," सासूबाई म्हणाल्या. तो जिन्यात पोचतो न पोचतो, तोच नवी चिप टिकटिकायला लागली.

"अहो दादा, परत या."

दुसऱ्या खेपेला त्याने भिंतीजवळचा पाइपचा जोड आवळला. बोर्ड पुन्हा बंद, आवाज बंद, प्लंबर जिन्यात, आणि पुन्हा टिक. तिसऱ्या खेपेला त्याने छिन्नी काढली. पहिली टाइल फुटली. आता सांगावं तर टाइल गेलीच होती, न सांगावं तर दुसरी जाणार होती. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

तेवढ्यात छिन्नी थांबली. भिंतीला कान लावत लावत प्लंबर थेट तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, पंचवीस वर्षं पाणी ऐकतोय मी. पाणी इतकं वेळेवर पडत नाही."

"हळू बोला," सूनबाई कुजबुजली. "आणि हात लावू नका कशाला, ओले आहेत तुमचे."

"पण आहे काय हे?"

कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं, असं तिला सकाळपासून वाटतच होतं. "ही चिप. हिला सुरुवातीला थेंब थेंब वीज मिळते, ती या छोट्या कॅपॅसिटरमध्ये साठते. साठली की ही उठते आणि ट्रान्सफॉर्मरला कामाला लावते. मग ट्रान्सफॉर्मरच हिला पोसतो. पण तो पोसायला लागायच्या आतच साठा संपतो."

"मग पंपाचंच आहे की हे," प्लंबर म्हणाला. "कोरड्या पंपात तांब्याभर पाणी ओतून तो चालू केला, तर खालचं पाणी वर येईपर्यंत तांब्या संपतो. पंप नुसता आचके देतो."

"मग तुम्ही काय करता?"

"बादली ओततो."

सूनबाईने कॅपॅसिटरकडे पाहिलं. सकाळपासून तिने चिपचे सगळे कागद पालथे घातले होते. आणि हा एवढासा कॅपॅसिटर तर तिनेच निवडला होता, बोर्ड झटपट चालू व्हावा म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. तिने तो काढून चांगला मोठा बसवला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. बादली भरायला वेळ लागतो, हे ठाऊक असूनही तिने घड्याळाकडे पाहिलं. मग एक टिक झाली. दुसरी आलीच नाही. टेबलावर बोर्डाला जोडलेला बल्ब लागला आणि लागलेलाच राहिला.

प्लंबर बाहेर गेला. "मावशी, थांबला आवाज. आता येणार नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं.

तिघंही खात्री करायला बाथरूमच्या दाराशी कान देऊन उभी राहिली. घर कसं शांत होतं. मग आतून आलं: टप. टप.

"हा माझा नाही," सूनबाई बोलून गेली.

सासूबाई सावकाश वळल्या. "मग आधीचा तुझा होता?"

प्लंबर स्वतःच छळलेला नळ आणि जोड बघायला आत शिरला. सूनबाईने मान खाली घालून सगळं सांगितलं, अगदी बोट धरून चालण्यासकट. सासूबाईंनी फुटलेली टाइल पाहिली, मग घड्याळ पाहिलं.

"पण आता झालं का चालू? पूर्ण?"

"पूर्ण."

"मग केस विंचर, साहेब येतील. टाइलचं ते गेल्यावर बोलू."

सूनबाईला हायसंही वाटलं आणि धडकीही भरली. ती आरशापुढे उभी राहिली, तेव्हा बाहेर सासूबाईंनी विहीणबाईंना फोन लावला होता.

"झालं हो तुमच्या लेकीचं मशीन चालू. काल नुसती तालीम होती, खरं आज झालं. काय? मागे आवाज कसला येतोय?" त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. "तो होय? नळ ठिबकतोय. या वेळी नळच आहे."