आईसाहेबांच्या हितार्थ होम थिएटर

देवासच्या उदाजीराव जगदाळ्यांनी आपल्या बैठकीत होम थिएटर बसवण्याचा निर्णय घेतला, तो निव्वळ आईसाहेबांच्या हितार्थ. ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेली बरी, कारण पुढे ती कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

आईसाहेब म्हणजे नर्मदाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, दात स्वतःचे, कान बरे. समोर बसून बोललेलं सगळं त्यांना ऐकू येई. नको तेही येई, अशी त्यांच्या सूनबाईंची, राजनंदिनींची, तक्रार होती. अडचण एकट्या टीव्हीची होती. नातवाच्या, म्हणजे राजवर्धनच्या, हट्टापायी दिवाळीत भिंतीला चिकटवलेला नवा टीव्ही इतका सडपातळ होता की कंपनीने त्याचे स्पीकर पाठीला लावले होते. त्यामुळे सगळे संवाद तो आधी भिंतीला ऐकवायचा. भिंतीकडून जे काही उरून परत येई, त्यावर नर्मदाबाईंना संध्याकाळची मालिका भागवावी लागे.

“उदा, माझी खुर्ची जरा पुढे ओढून दे रे,” एके दिवशी त्या म्हणाल्या. “सासूने सुनेला घराबाहेर काढलं की सुनेने सासूला, तेच मेलं कळत नाही.”

उदाजीराव एका सरकारी कार्यालयात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. खुर्ची पुढे ओढणे असल्या किरकोळ उपायांवर त्यांचा विश्वास नव्हता. “आईसाहेब, आपण हा प्रश्न मुळापासून सोडवू,” ते म्हणाले. गेल्या उन्हाळ्यात कार्यालयातल्या गळक्या नळाचा प्रश्न त्यांनी असाच मुळापासून सोडवला होता. तेव्हापासून सगळे कर्मचारी पिण्याचं पाणी घरून आणतात.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर घरात निवड समिती स्थापन झाली. उदाजीराव अध्यक्ष, राजनंदिनी सदस्य आणि इंदूरला कंपनीत रोज बसने ये-जा करणारा राजवर्धन तांत्रिक सदस्य. ज्यांच्यासाठी खरेदी व्हायची होती त्या नर्मदाबाईंना समितीत घेतलं नाही. लाभार्थी समितीत असला की निर्णय निःपक्षपाती राहत नाही, हे उदाजीरावांना तीस वर्षांच्या नोकरीत पक्कं ठाऊक झालं होतं.

समितीपुढे दोनच अटी होत्या. बैठक जेमतेम दहा बाय अकराची, म्हणून यंत्र छोटं हवं. आणि ते आवाक्यातलं हवं.

राजवर्धनने मोबाईलवर अभ्यास सुरू केला. मराठी वाचायला त्याला अडखळायला होई, पण हिंदी आणि इंग्रजी अभिप्राय तो घडाघडा वाचून दाखवत असे. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘सामान घेऊन आलेला माणूस फार सज्जन होता.’ दुसऱ्याने एक तारा देऊन लिहिलं होतं, ‘अजून खोका उघडलेला नाही.’ तिसऱ्याचा अभिप्राय सगळ्यांत उपयुक्त ठरलेला दिसत होता. तो असा: ‘या किमतीत सर्वोत्तम, फक्त आवाज नीट येत नाही.’ उदाजीरावांनी साऱ्या ताऱ्यांची सरासरी काढली आणि समाधानाने मान हलवली. पूर्णांकाच्या पुढे अपूर्णांक आला की त्यांना कामात खोली आल्यासारखी वाटे.

रविवारी समिती ए. बी. रोडवरच्या ‘स्वरसम्राट’ नावाच्या शोरूममध्ये दाखल झाली. तिथे प्रणव नावाचा तरुण ‘ध्वनी सल्लागार’ या पदावर होता. आधी तो तिथेच मिक्सर विकायचा. पदोन्नती झाल्यावर त्याने काळा शर्ट घालायला सुरुवात केली होती.

“या काकासाब, बसा,” तो म्हणाला. “अख्ख्या माळव्यात असा साउंड नाही मिळणार.”

ज्या खोलीत त्याने बसवलं ती एखाद्या धर्मशाळेच्या सभागृहाएवढी होती. अंधार झाला आणि चारी बाजूंनी हेलिकॉप्टरं आली. मग काचा फुटल्या, पूल कोसळला, घोडे उधळले. राजनंदिनींनी मंगळसूत्र घट्ट धरलं.

दिवे लागल्यावर उदाजीराव म्हणाले, “छान आहे. आता जरा माणसं बोलतात ते ऐकवा.”

प्रणव गोंधळला. “माणसं? डायलॉगचा डेमो कोणीच मागत नाही, काकासाब. डेमोत फोडाफोडीच असते.”

“पप्पा, क्यों बेइज्जती करवा रहे हो,” राजवर्धन कानाशी कुजबुजला. उदाजीरावांना तो मुद्दा पटला. प्रश्न मागे घेण्यात आला.

“आवाक्यातलं पाहिजे ना? मग हे घ्या,” प्रणव स्पीकरच्या एका लहानशा पट्टीकडे बोट दाखवत म्हणाला. “टीव्हीखाली एक ठेवली की झालं. बोलणं एकदम क्लिअर.” उदाजीरावांचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, “पण खरं सांगू? हे घेणारे लोक दोन महिन्यांनी रडत येतात. याच्या वरचं थोडंच महाग पडून राहिलंय. आणि तेवढे देतच आहात, तर त्याच्या वरचं का नको?”

प्रत्येक वेळी फरक थोडाच होता, आणि थोड्यासाठी मागे हटणं जगदाळ्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. समिती थोडं थोडं करत थेट वरच्या फळीपर्यंत पोचली. तिथे पाच स्पीकर होते आणि त्यांच्या जोडीला ढोलाएवढा एक काळा डबा होता. त्यातून बोलणं मुळीच येत नसे, फक्त धमधम येई. त्याला सबवूफर म्हणतात आणि तोच सिस्टिमचा आत्मा आहे, असं प्रणव म्हणाला. ‘आवाक्यातलं’ या शब्दाची व्याख्या तिथल्या तिथे सुधारण्यात आली: ज्याचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, ते आवाक्यातलं.

दोन दिवसांनी प्रणव जागेची पाहणी करायला घरी आला. बैठकीच्या मधोमध उभा राहून त्याने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातल्या दिवाणावर बसलेल्या नर्मदाबाईंनी चष्मा सारखा केला. “आरती आहे का रे? मग देवघरात करा की.”

प्रणवने टाळ्यांचा प्रतिध्वनी लक्ष देऊन ऐकला आणि चेहरा पाडला. “काकासाब, सिस्टिम बरोबर आहे. खोली चुकीची आहे.”

उदाजीराव खजील झाले. वीस वर्षं आपण चुकीच्या खोलीत राहत होतो आणि आजवर कुणी लक्षात आणून दिलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

मग खोली दुरुस्त करण्याचं काम निघालं. पितळी भांड्यांचं कपाट झणझणतं म्हणून ते गॅलरीत गेलं. सोफ्यामुळे मागच्या स्पीकरांचा रस्ता अडत होता, तो मेहुण्याकडे गेला. खिडकीतून आवाज बाहेर जातो म्हणून तिच्यावर जाड फोम ठोकला. पंख्याची घरघर ऐकू येते, म्हणून थिएटर चालू असताना पंखा बंद ठेवायचं ठरलं. त्याच वेळेत कुकर लावायला मनाई झाली. राजनंदिनींनी हरकत घेतली, तेव्हा राजवर्धनने त्यांना समजावलं, “मम्मी, शिट्टी सगळ्या फ्रिक्वेन्सी खराब करते.” फ्रिक्वेन्सी खराब केल्याचा ठपका आपल्यावर नको, म्हणून त्यांनी कुकर फळीवर ठेवून दिला.

उरला दिवाण. सबवूफरची शास्त्रशुद्ध जागा नेमकी त्या कोपऱ्यात निघाली.

“आणि काकासाब, गाद्या, गोधड्या आवाज पितात,” प्रणव म्हणाला. मग दिवाणाकडे पाहून आवाज खाली आणत त्याने पुढे जोडलं, “म्हातारी माणसंही पितात. शालीबिली असतात ना.”

दिवाण स्वयंपाकघराशेजारच्या बोळात गेला. तिथून टीव्ही दिसत नव्हता. “पण आवाज तर सगळीकडे येईल ना, आजीसाहेब,” राजवर्धनने धीर दिला. “सराउंड आहे.”

“मला फक्त समोरून ऐकायचं होतं रे,” नर्मदाबाई म्हणाल्या. पण तेव्हा भिंतीत ड्रिल चालू होतं.

यंत्र बसलं, आता ते जुळवायचं होतं. खोलीच्या मधोमध एक छोटा माईक ठेवायचा. यंत्र स्वतःच चित्रविचित्र आवाज काढणार, त्यावरून खोली ओळखणार आणि सगळे स्पीकर तिच्या मापाचे करणार. तोवर घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. पहिल्या वेळी नर्मदाबाईंना खोकला आला. दुसऱ्या वेळी शिंक आली. तिसऱ्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, “झालं का रे?” आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

शेवटी उदाजीरावांनी त्यांना रिक्षाने माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी नेलं आणि एका ओळखीच्या फुलवाल्याच्या बाकड्यावर बसवलं. दुपार उलटली, तेव्हा यंत्राने पडद्यावर हिरवी खूण दाखवली. ‘आपले घर परिपूर्ण आहे,’ असं तिथे हिंदीत लिहून आलं. राजनंदिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. या घराबद्दल असं आजवर कुणी लेखी दिलं नव्हतं.

मग आईसाहेब परतल्या, आणि एक तांत्रिक पेच उभा राहिला.

“काकासाब, सिस्टिम तर यांच्याशिवाय सेट झाली,” प्रणव फोनवर म्हणाला. “आता घरात एक माणूस वाढवलं तर सेटिंग हलेल. पुन्हा करायचं तर मी येतो, पण मग हे बसले की पुन्हा, ते उठले की पुन्हा. बघा बुवा तुम्ही.”

उदाजीरावांनी बघितलं. यंत्र परत करता येत नव्हतं. खोली बदलता येत नव्हती. हप्ता सुरू झाला होता. या सगळ्यात इकडून तिकडे हलवता येण्याजोगी एकच गोष्ट होती, आणि ती आपण होऊन म्हणाली, “मी थोडे दिवस धारला लेकीकडे जाऊन येते, बकुळाकडे.”

“आम्ही आग्रह करत नाही, आईसाहेब,” उदाजीराव म्हणाले.

“नाहीच केलास,” नर्मदाबाई म्हणाल्या.

बस-स्टँडवर त्यांनी आईला खिडकीपाशी बसवून दिलं, पाण्याची बाटली दिली. वाकून पायांना हात लावला. आईने डोक्यावर हात ठेवला तेव्हा वाटलं, बॅग उचलावी, तिला खाली उतरवावं आणि घरी जाऊन तो काळा डबा गॅलरीत नेऊन ठेवावा. तोंडातून शब्दही निघाला, “आई...” इतक्यात खिशात मोबाईल थरथरला. कंपनी विचारत होती, अनुभव कसा वाटला? उदाजीराव कर्तव्याला चुकणारे नव्हते. त्यांनी तिथेच उभं राहून पाच तारे दिले. ‘खरेदीचा लाभ कोणास झाला?’ या प्रश्नासमोर त्यांनी ‘वयोवृद्ध मातोश्री’ हा पर्याय निवडला. मान वर केली तेव्हा बस निघून गेली होती.

उद्घाटनाला कार्यालयातले लोक आणि शेजारीपाजारी आले. खोलीत ऐकण्याची योग्य जागा एकच होती आणि तिथे ज्येष्ठतेनुसार उदाजीराव बसले. बाकीचे भिंतीला टेकून, फोमला धक्का न लावता, पंख्याविना घामाने निथळत उभे राहिले. हेलिकॉप्टरं आली, काचा फुटल्या. शेजारच्या घरातलं घड्याळ पडलं. सगळे धन्य झाले.

“कुठल्या कंपनीचं, भिया?”

“किती वॅट?”

“हप्ता बसतो का?”

प्रश्नांची नुसती झोड उठली. आईसाहेब कुठे आहेत, हा प्रश्न त्यांत नव्हता.

पाहुणे गेल्यावर राजनंदिनींनी मालिका लावली. पार्श्वसंगीत असं घुमलं की देवघरातली घंटी वाजली. त्यात दोन बायका काहीतरी बोलल्या. “काय म्हणाली हो ती?” राजनंदिनींनी विचारलं. उदाजीरावांनाही कळलं नव्हतं. राजवर्धनने आवाज वाढवला, तेव्हा घंटी खाली पडली.

शेवटी राजनंदिनींनी धारला फोन लावला. जावई गणोजीरावांच्या लहानशा घरात नर्मदाबाई जुन्या टीव्हीसमोर हातभर अंतरावर वेताचा मोडा टाकून बसल्या होत्या. त्यांनी सगळा भाग शब्दन् शब्द सांगितला. त्या दिवसापासून देवासला चित्रं पाहायची आणि धारहून संवाद विचारायचे, अशी पद्धत पडली. दोन शहरांत मिळून एक मालिका बरी दिसू लागली.

हे महिनाभर सुरळीत चाललं. मग गणोजीराव देवासला येऊन थिएटर ऐकून गेले. परवा बकुळाचा फोन आला. गणोजीरावांनी बैठकीत मोजमापाचा टेप धरला होता आणि नर्मदाबाईंचा मोडा तेवढा मधे येत होता. “दादा, आईसाहेबांना काही दिवस तुमच्याकडे पाठवू का?” तिने विचारलं. उदाजीराव म्हणाले, समितीपुढे विषय ठेवतो.

देवासात ही हकीकत ज्याला ज्याला कळली, त्याने हळहळून मान हलवली आणि शेवटी कंपनीचं नाव विचारलं. तुम्ही अर्थातच तसले नाही. तुम्ही नाव विचारलं नाहीत. तुम्ही फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपल्या बैठकीचा अंदाज घेतलात, आणि सबवूफरच्या कोपऱ्यात सध्या कोण बसलं आहे, ते पाहिलंत.